मिलच्या घड्याळातले सहा

१९ जानेवारी, रविवार

आजपासून संपादक जे कापतील ते इथे लिहायचं, असं ठरवलं. मी बावीस ओळी पाठवल्या होत्या. बेला मंडळातला, म्हणजे तेलंगणातल्या आमच्या तालुक्यातला कापूस, जिनिंग मिलचा हंगाम, आणि शेवटी ऋतुवर्णनाचं एक वाक्य, ज्यात 'कार्पास' हा शब्द मी मोठ्या मायेने बसवला होता. छापून आलं : 'बेला येथे कापसाची आवक वाढली.' पाच शब्द. सव्वीस वर्षांच्या वार्ताहरकीतला हा नीचांक नाही. एकदा नुसता फोटोच छापला होता, आणि तोही दुसऱ्या गावाचा.

ही डायरी चंपतरावांच्या मिलची भेट आहे. दर जानेवारीत गावातल्या प्रत्येक प्रतिष्ठित माणसाला एक मिळते, मंडळ कचेरीतल्यांना दोन. वर मिलचा फोटो आहे, फाटकावरच्या मोठ्या घड्याळासकट. आजवरच्या डायऱ्या आमच्या सौभाग्यवती सुनयनाने किराणाच्या याद्यांत संपवल्या. ही मी लपवून ठेवली आहे.

संध्याकाळी प्रतिभाताई आल्या. मराठी शाळेत शिकवतात आणि रविवारी बुद्धविहारात मिलमधल्या बायकांचा अभ्यासवर्ग घेतात. कष्ट, भांडवल, इंग्रज, निजाम, सगळं असतं म्हणे.

"दोन तारखेच्या वर्गाचा विषय 'वेळ' आहे," त्या म्हणाल्या. "तुमी पंधरा मिनिटं बोला. तुमचं ते घटी-पळांचं."

मी म्हटलं, "ताई, तुमचा वर्ग डाव्या विचारांचा. मी पाठशाळेतला. शिवाय वार्ताहर, म्हणजे तटस्थ."

"सूर्य कोनत्या विचारांचा आहे?"

मी होकार दिला. सुनयना आतून म्हणाली, "जा. पन पंधरा मंजे पंधराच. तुमचे पंधरा लोकायचे पन्नास असतात."

२२ जानेवारी, बुधवार

मिलवर 'हंगामाचे रंग' टिपायला गेलो होतो.

बाहेरच्या माणसाला एक गोष्ट समजावून सांगायला हवी. (कोणता बाहेरचा माणूस ही डायरी वाचणार, हा प्रश्न अलाहिदा.) आमच्या गावात दोन टाइम आहेत, एक मोबाईलचा आणि एक मिलचा. फाटकावरचं घड्याळ सकाळी दहा मिनिटं पुढे असतं आणि संध्याकाळी पंचवीस मिनिटं मागे. मधल्या वेळात ते मागे कधी जातं, हे कोणी पाहिलेलं नाही. त्यामुळे आठचा भोंगा सात-पन्नासला होतो आणि सहाचा सहा-पंचविसला. दूधवाला, भजनी मंडळ, न्हावी, सगळे 'मिलचे सहा' म्हणतात आणि त्याप्रमाणे चालतात. कोणाला फसवल्यासारखं वाटत नाही, कारण सगळ्यांना माहीत आहे.

आत मोबाईल न्यायचे नाहीत. कापूस आहे, आग लागेल म्हणतात. मोबाईलने कापूस कसा पेटतो, हे मी राजन्नाला विचारलं. राजन्ना फाटकावरचा दरवान, भोंग्याचं बटणही त्याच्याच ताब्यात. मराठी त्याला छान येतं, पण उत्तर अडचणीचं असलं की तो तेलुगूत जातो. आज तेलुगूतच होता.

बरोबर सव्वासहाला त्याच्या स्टुलाखालच्या लोखंडी पेटीत एक फोन वाजला. वाजत राहिला. मग थांबला.

"द्वारकाबाईचा," राजन्ना मराठीत म्हणाला. "पोरगी करते. हर्षाली. आदिलाबादला हॉस्टेलात हाय, सातवीत. तिकडं पोरीयले सव्वासहाला फोन देतात, पाच मिनिट."

"रोज?"

"रविवार सोडून रोज."

द्वारकाबाई तेव्हा आत मशीनपुढे कापूस लोटत होती. दिवाळीपासून, म्हणजे हंगाम सुरू झाल्यापासून, हा फोन असा पेटीत वाजतो आहे. मी घड्याळाकडे बोट दाखवलं. काटे सहाला दहा कमी दाखवत होते. "राजन्ना, सहा कधी वाजणार?"

"इंका कालेदु," तो म्हणाला. अजून झाले नाहीत.

घरी येऊन तीस ओळी लिहिल्या.

२३ जानेवारी, गुरुवार

छापून आलं : 'जिनिंग मिल गजबजली.' तीन शब्द. प्रकृती खालावते आहे.

२६ जानेवारी, रविवार

मिलच्या झेंडावंदनाला चंपतरावांनी आठला बोलावलं होतं. मी मोबाईलच्या आठला पोचलो तर राष्ट्रगीत संपून लाडू वाटणं चाललेलं.

"पत्रकारसाहेब, देश कोनासाठी थांबत नाही," चंपतराव म्हणाले. माणूस दिलदार आहे. दोन लाडू दिले.

लाडू खात बाहेर आलो, तर रस्त्यापलीकडे प्रतिभाताईंच्या शाळेत झेंडा नुकता वर चालला होता. एका रस्त्याच्या दोन बाजूंना प्रजासत्ताक दहा मिनिटांच्या अंतराने सुरू झालं. तिकडेही सावधान उभा राहिलो, तिकडचाही लाडू खाल्ला. तटस्थता म्हणतात ती हीच.

२ फेब्रुवारी, रविवार

व्याख्यान झालं! सुनयनाच्या मते पंचावन्न मिनिटं, माझ्या मते विषयाच्या मानाने त्रोटक.

आधी प्रतिभाताई बोलल्या. बाईंना खडू मिळाला की त्या वेगळ्याच दिसतात. त्यांनी फळ्यावर पैनगंगा काढली. पलीकडे वऱ्हाडात इंग्रजांचा कारभार, अलीकडे निजामाचा. "झेंडे दोन, पन कापूस दोनीकडचा एकाच दिशेनं जाये. मुंबई, मंग जहाज, मंग विलायतेच्या गिरण्या. इंग्रजानं आधी जमीन मोजली, मंग कापूस मोजला, आनि शेवटी मानसाचं मिनिट मोजलं." पुढे म्हणाल्या, सव्वाशे वर्षांपूर्वी सरकारने सगळ्या देशाला एक टाइम लावला, तेव्हा मुंबईच्या एका गिरणीत कामगारांनी काम थांबवलं होतं. "मजूर काय विकते? कापूस तं त्याचा नाही, मशीन त्याची नाही. तो विकते वेळ. आता घेणाराच मोजत असन, तर?"

"तं माप वाढनच," द्वारकाबाई म्हणाली. चाळिशीची बाई, आवाज मशीनच्या घरघराटावर मात करायची सवय असलेला. "सकाळचे धा, संध्याकाळचे पंचवीस. ताई, हंगामाचे किती होतात?"

ताईंनी हंगामाचे एकशे तीस दिवस धरून फळ्यावर गुणाकार केला. एका हंगामात दहा तासांचे साडेसात दिवस निघाले. 

"वेठ मंजे निजामाच्या राज्यात होती नं?" द्वारकाबाईने विचारलं. "जहागीरदार बोलवे आनि फुकट राबवे, थे? मंग हे साडेसात दिवस आमी कोनाच्या राज्यात काम करतो?"

अशा गंभीर क्षणी माझी पाळी आली. मी पळ, घटी, मुहूर्त, प्रहर असं क्रमाने सांगितलं. शंकुच्छाया सांगितली : सपाट जमिनीत काठी रोवावी, सावली मोजावी, घड्याळाची गरज नाही. बायकांनी फारच लक्ष दिलं. एकीने काठी किती उंच हवी तेही विचारलं. इतकी जिज्ञासा मला पाठशाळेतही आढळली नव्हती.

शेवटी द्वारकाबाईने विचारलं, "मंग शास्त्रीभाऊ, मुहूर्त कोनाच्या घड्याळानं धरतात?"

मी म्हटलं, "सूर्याच्या. मुहूर्ताला मालक नसतो."

टाळ्या! प्रचंड! मी मागे वळून पाहिलं, कोणी पाहुणे आले की काय. नाही, मलाच होत्या. चालत घरी आलो ते जमिनीला पाय न लावता.

४ फेब्रुवारी, मंगळवार

द्वारकाबाईने काल मिलच्या आवारात खराट्याचा दांडा रोवला.

कालचा दिवस तिने सावलीवर खुणा करण्यात घालवला. जेवणाच्या सुट्टीत एक, चहाला एक, शाळा सुटल्याचा गलबला ऐकून एक, आणि रस्त्यावर सहाची आदिलाबाद बस वाजली तेव्हा एक. आज सावली त्या शेवटच्या खुणेला टेकली, तशी ती पदर झटकून फाटकाशी आली आणि म्हणाली, "राजन्ना, सहा वाजले. फोन दे."

राजन्नाने घड्याळाकडे पाहिलं. "इंका कालेदु, अक्का."

ती तिथेच उभी राहिली. सव्वासहाला पेटीत फोन वाजला. दोघांच्या मध्ये, कुलपाच्या आत. राजन्ना किल्ली हातात धरून दुसरीकडे पाहत होता, आणि ती पेटीकडे. वाजून थांबला.

चंपतराव गाडीतून उतरले. त्यांनी दांडा उपटून टाकायला लावला आणि तिला दहा दिवस घरी बसायला सांगितलं, फोन तेवढे दिवस पेटीतच. "या आवारात टाइम माझा," ते म्हणाले. "मी म्हनन तवा सहा वाजतात. लिहून घ्या पत्रकारसाहेब!" मी तिथेच होतो. सांगितलं म्हणून लिहून घेतलं.

माझ्या व्याख्यानाचा दुसऱ्याच दिवशी उपयोग होईल आणि तो असा होईल, हे मनात नव्हतं. जेवण गेलं नाही. सुनयना म्हणाली, "तुमी तं तटस्थ नं?"

"हो."

"मंग भाकर काऊन ठेवली?"

५ फेब्रुवारी, बुधवार

बातमी पाठवली. छापली नाही. हा मात्र नीचांक.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

चंपतराव स्वतः घरी आले, हातात पत्रिका. मुलगी भाग्यलक्ष्मी हिचं लग्न, रविवार दिनांक सोळा, स्थळ जिनिंग मिलचं आवार, मुहूर्त गोरज, सायंकाळी सहा वाजून बारा मिनिटे. नवरामुलगा पंकज, नदीपलीकडे पांढरकवड्याचा. मंगलाष्टकं मी म्हणायची.

"गळा तुमच्यासारखा साऱ्या मंडळात नाही," ते म्हणाले. खोटं बोलण्याचं त्यांना काही कारण नव्हतं.

जाताना मी द्वारकाबाईचा विषय काढला. "मुलीचा फोन असतो हो तिचा. पाच मिनिटांचा."

"एकीले सोडलं तं तीस जनी मांगतीन. पोरगी माझीबी हाय, मले समजत नाही का? पन मिल मंजे मिल." आवाजात कडवटपणा नव्हता. पावसाबद्दल बोलावं तसे बोलले.

९ फेब्रुवारी, रविवार

द्वारकाबाई ओटीभर बोरं घेऊन सुनयनाकडे आली. बोरं निवडता निवडता मला विचारलं, "शास्त्रीभाऊ, गोरज मंजे नेमकं कधी?"

मी सविस्तर सांगितलं. गाई रानातून परततात, खुरांनी धूळ उडते, सूर्य मावळतीला टेकतो, तो संधिकाळ. अल्प असतो.

"चुकला तं?"

"त्या दिवशीचा गेला. गोरज दिवसातून एकदाच."

"नवऱ्याकडचे रागवतीन?"

"रागावतील म्हणजे काय! मुहूर्त टळला की मानापमान आलाच."

"मंग मुहूर्तावर नेमकं काय लागते? मंजे कशाबिगर अडते?"

मी बोटांवर मोजून सांगितलं. वधूवर, अंतरपाट, मंगलाष्टकं, लोकांच्या हातात अक्षता, आणि वाजंत्री.

"अक्षता," ती म्हणाली. "बरं." एक बोर तोंडात टाकलं. "आमच्यात मुहूर्त पाहत नाही, शास्त्रीभाऊ. पन दुसऱ्याचा चुकू नये बाप्पा."

मला भरून आलं. आपल्यावर अन्याय करणाऱ्याच्या घरच्या कार्याची एवढी काळजी! हे मी सुनयनाला म्हटलं, तर तिला ठसका लागला आणि ती आत निघून गेली. बोराची बी असावी.

१२ फेब्रुवारी, बुधवार

चंपतरावांनी द्वारकाबाईची शिक्षा आटोपती घेतली. लग्नात हात कमी पडत आहेत. मिलच्या सगळ्या बायकांनी रविवारी वाढायला, पाणी द्यायला, अक्षता वाटायला यायचं. मिलची हजेरी लागेल, सुट्टी सहाच्या भोंग्याला. मोबाईल नेहमीप्रमाणे पेटीत.

प्रतिभाताई म्हणाल्या, "जहागीरदाराच्या घरी लग्न असलं की असंच साऱ्या गावाले बोलवत. माझी आजी सांगे."

"पण इथे हजेरी लागते," मी म्हटलं.

"लागते नं. कोनत्या घड्याळानं?"

बाई हसल्या. इतक्या मोकळ्या हसताना त्यांना पाहिलं नव्हतं. आज विहारात जास्तीचा वर्ग होता. मी येऊ का विचारलं, तर म्हणाल्या, "तुमी नका येऊ. तुमी तटस्थ हाये. गळा जपा."

विचारी बाई.

१६ फेब्रुवारी, रविवार

 घटनाक्रम जसा घडला तसा लिहितो.

साडेपाचला मिलच्या आवारात पोचलो. मांडव असा की आत अजून एक मिल बसेल. वर पांढऱ्या झालरी, कापसाच्या बोंडांची तोरणं, व्हिडिओवाला, शिवाय डोक्यावर भिरभिरणारा ड्रोन. पांढरकवड्याची मंडळी फेटे बांधून पुढच्या खुर्च्यांवर. आणि मागच्या चारशे खुर्च्या रिकाम्या.

गाव कुठे होतं? गाव बाहेर होतं. येताना मी पाहिलंच होतं, पण अर्थ लावला नव्हता. फाटकापासून पुलापर्यंत रस्त्याच्या कडेला नवी लुगडी, नवे सदरे घालून अख्खं बेला गाव ओळीने बसलेलं. "चला की आत," मी म्हटलं, तर दूधवाला म्हणाला, "मिलचे सहा होऊ द्या, शास्त्रीबुवा. आत्ताच कुठं!"

मांडवात उजव्या बाजूला तीस बायका मांडी घालून बसल्या होत्या. पुढे अक्षतांची ताटं, ताटांवर रुमाल. मधोमध द्वारकाबाई, एखाद्या न्यायाधीशासारखी. डावीकडे बँड. हा बँड म्हणजे मिलचेच हमाल, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. फाटकावर घड्याळ, त्यात पाच-पस्तीस. माझ्या मोबाईलवर सहा.

सहा-तीनला भटजींनी खूण केली. अंतरपाट धरला. मी माइक हातात घेतला, गळा साफ केला आणि पहिलं कडवं लावलं. सूर सुंदर लागला, हे इथे नोंदवून ठेवतो, कारण नंतर ते कोणीच बोललं नाही.

दुसऱ्या कडव्याला चंपतरावांच्या लक्षात आलं की कोणाच्याच हातात अक्षता नाहीत.

"अवं, वाटा नं अक्षता!"

"वाटतो मालक," द्वारकाबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "सहा वाजले की वाटतो."

"वाजले सहा!"

"भोंगा कुठं झाला?"

चंपतराव पाहुण्यांकडे पाहून हसले, आणि फाटकाकडे ओरडले, "राजन्ना! सहा वाजले का नाही?"

राजन्नाने इमानाने मान वर करून घड्याळ वाचलं. वीस वर्षं तेच करतो आहे. "इंका कालेदु, सार!"

बायकांच्या ओळीतून फिस्सकन काहीतरी सुटलं. मी तिसरं कडवं ओढलं. सहा-सात. ओढता येईल तितकं ओढलं, मग चौथं. पांढरकवड्याचे मामा उठले. "व्याही, आमच्याकडं सहा-आठ झाले. तुमच्या गावात टाइम किती हायेत?"

"एकच!" चंपतराव म्हणाले.

"मंग कोनता?"

इथे द्वारकाबाई उठली. शांतपणे माझ्यापाशी आली आणि माइकमध्ये, म्हणजे चौदा कर्ण्यांतून, पुलापर्यंत ऐकू जाईल असं विचारलं, "शास्त्रीभाऊ, तुमीच सांगा. मुहूर्त सहा-बाराचा. मोबाईलचा धरायचा का मिलचा?"

प्रश्न शास्त्राचा होता. शास्त्राच्या प्रश्नाला शास्त्रोक्त उत्तर द्यावं, एवढाच माझा हेतू. मी म्हटलं, "मुहूर्ताला मालक नसतो. परंतु चार फेब्रुवारी रोजी सायंकाळी यजमानांनी याच आवारात जाहीर केलं आहे की, 'या आवारात टाइम माझा, मी म्हनन तवा सहा वाजतात.' तशी माझ्याकडे नोंद आहे. तेव्हा यजमानांनीच सांगावं." आणि माइक त्यांच्यापुढे धरला.

सहा-नऊ.  ड्रोन खाली आला. सूर्य मिलच्या पत्र्यांना टेकलेला.

चंपतरावांनी घड्याळाकडे पाहिलं. मग व्याह्यांकडे. मग बायकांकडे, बहुधा आयुष्यात प्रथमच एकेकीकडे. तेवढ्यात अंतरपाटामागून भाग्यलक्ष्मीचा आवाज आला.

"बाबा, सांगून टाका नं! सूर्य चालला!"

पंकज अंतरपाटाच्या दुसऱ्या बाजूने म्हणाला, "सांगा मामाजी." मुलगा समजूतदार वाटला.

"मोबाईलचा खरा!" चंपतराव ओरडले. "मिलचं घड्याळ पंचवीस मिनिट मांगं हाय! झालं समाधान? वाटा आता!"

"आजच मांगं हाय, का रोज?" द्वारकाबाईने विचारलं.

"रोज! रोज मांगं असते! मीच करतो! माय वं, वाट आता!"

"आनि सकाळचं?"

"धा मिनिट पुढं! वाट!"

"उद्यापासून?"

सहा-अकरा.

"उद्यापासून मोबाईलचा टाइम! राजन्ना! सहा वाजले! सहा वाजले म्हनतो नं मी!"

आता राजन्नाला मालकांनी सहा वाजले म्हटलं की त्याचा हात एकच गोष्ट करतो. त्याने बटण दाबलं.

भोंगा! बोहल्यापासून वीस पावलांवर! वधूच्या मावशीने खुर्ची सोडली. तीस रुमाल एकदम उडाले, तीस ताटं उठली, आणि फाटकातून सगळं गाव आत धावलं, लुगडी सावरत, हसत, "झाले वं, मिलचे सहा झाले!" करत. बायका धावत धावत मुठी भरत होत्या, हमालांनी ढोल असा फोडला की ड्रोन वाट चुकून तोरणात अडकला, आणि त्या भोंग्यावर, ढोलावर, चारशे माणसांच्या हसण्यावर मी सारं फुफ्फुस एकवटून 'सावधान' लावलं. सहा-बारा! एक पळही इकडेतिकडे नाही! अक्षता अशा पडल्या की चंपतरावांच्या फेट्यात पाव किलो तरी सापडतील.

जेवताना चंपतराव माझ्यापाशी आले. मला वाटलं आता माझी डायरी बंद. "शास्त्रीबुवा, तुमी असं काऊन केलं?"

"मी काय केलं? मी तर विचारलं."

 मग त्यांनाच हसू फुटलं, मोठं, पोट धरून. "व्हिडिओत आलं हो सारं. पोरीच्या लग्नाच्या व्हिडिओत! आता कापता बी येत नाही, मधात मुहूर्तच हाय!"

सुनयना घरी येईपर्यंत रस्ताभर हसत होती. मी म्हटलं, "पण बायकांना ऐन वेळी हे सुचलं कसं, आश्चर्य आहे."

ती पुलावर बसली. दोन मिनिटं तिला उठताच येईना.

१७ फेब्रुवारी, सोमवार

बातमी पाठवली नाही. पाच वाजून पन्नास मिनिटांनी मिलच्या फाटकावर गेलो. कामानिमित्त. प्रतिभाताईही तिथे होत्या, त्या मात्र कामाशिवाय.

घड्याळात पाच-पन्नास. माझ्या मोबाईलवरही पाच-पन्नास. राजन्ना एकदा इकडे पाहायचा, एकदा तिकडे, सख्खे भाऊ बऱ्याच दिवसांनी एका खाटेवर दिसावेत तसा.

सहाला भोंगा झाला.

बायका बाहेर आल्या आणि फाटकाबाहेर घोळक्याने थांबल्या. ऊन होतं! अंगावर, लुगड्यांवर, केसांतल्या कापसाच्या तंतूंवर ऊन. घरी जायचं की काय करायचं, हे कोणाला सुचेना. एकीने उगाच दुसरीला ढकललं, दुसरीने तिसरीला, आणि तीस बायका रस्त्यात शाळा सुटल्यासारख्या पकडापकडी खेळायला लागल्या. आदिलाबादची बस हॉर्न वाजवून वाजवून दमली.

द्वारकाबाई खेळली नाही. फोन दोन्ही हातांत धरून पुलाच्या कठड्यावर बसली. सहा-दहाला सगळ्या आपोआप तिच्याभोवती जमल्या. 

वाजला.

ती नुसती पाहत राहिली.

"उचल नं वं!" तीस जणी. मीही ओरडलो असेन.

तिने उचलला. घाईत स्पीकरचं बटण दाबलं गेलं.  पलीकडून बारीक आवाज : "कोन बोलते?"

"मी व्हय. आई."

"आई? तू उचलला?"

"हो."

"खरंच उचलला?" पोरगी गोंधळली होती. "मी तं रोज नुसती रिंग देतो... आई, थांब. काय बोलायचं थे म्या ठरवलंच नाही."

"काई बी बोल. जेवली?"

"इतक्या लवकर कुठं जेवन! तू?"

"म्याबी नाही."

आणि दोघी हसायला लागल्या. का, ते विचारू नये. इकडे ही कठड्यावर डुलत हसते आहे, तिकडे ती खिदळते आहे, मधेच "आई, ऐक नं," आणि परत हसू. घोळक्यातल्या बायका हसता हसता एकमेकींच्या गळ्यात पडल्या. प्रतिभाताई पाठ करून पैनगंगेच्या दिशेला पाहत उभ्या होत्या, खांदे हलत होते. मला काही दिसत नव्हतं, चष्म्यावर धूळ आली होती.

मग पलीकडून एका बाईचा आवाज आला, "टाइम अयिपोयिंदी, हर्षाली." वेळ संपली. आणि फोन बंद झाला.

द्वारकाबाईने डोळे पुसले, फोन पाहिला, मग माझा मोबाईल ओढून तोही पाहिला. भुवया हळूहळू वर गेल्या.

"चारच मिनिटं झाले," ती म्हणाली. "ताई, थ्या हॉस्टेलचं घड्याळ कोनाच्या हाती असते?"